छाती धरायची नाही

७ जून

प्रिय आत्या,

तुझा फोन अजून बंदच. बाबा म्हणतात, "ताईचं नवीन खूळ. म्हणे पत्र लिहा, पत्रात मजा असते." म्हणून लिहितेय. शिवाय माझा जीव टांगणीला लागलाय आणि या जगात मला वाचवू शकेल अशी एकच बाई आहे. (मस्का ओळखलास? असू दे, पुढे वाच.)

आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, यंदा नववीला समाजसेवा लावली आहे. दर शनिवारी. "ही सेवा स्वेच्छेने करायची आहे, आणि जो करणार नाही त्याचा निकाल अडकेल," असं त्यांनी मैदानावर सगळ्यांसमोर सांगितलं. स्वेच्छा म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

व्हरांड्यात कागद लावले होते. वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालणे, बागेत पाणी देणे, निवाऱ्यातली कुत्री फिरवणे, वृद्धाश्रमात पेपर वाचून दाखवणे. ज्याला जे हवं तिथे त्याने नाव लिहायचं. मी पोचले तेव्हा सगळे कागद भरले होते, कारण मी तेव्हा ऑफिसात उभी होते. वर्गात मोठ्या बाईंची नक्कल करत होते आणि त्या माझ्या मागेच येऊन उभ्या राहिल्या होत्या. वर्ग हसायचा थांबला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, माझं काम इतकं रंगलंय की सगळे भारावलेत.

एकच कागद कोरा उरला होता. "प्रशिक्षण रुग्णालय. खोटे रुग्ण पाहिजेत." मोठ्या बाई म्हणाल्या, "नाटकं करायची एवढी हौस आहे ना? जा तिथे."

आत्या, स्वर्ग आहे गं ती जागा! डॉक्टर व्हायला निघालेली मुलं खऱ्या रुग्णाला हात लावायच्या आधी आमच्यावर सराव करतात. आम्हाला एक कार्ड मिळतं. तुझं हे दुखतं, तू अमुक वयाची, अमुक काम करणारी. मग आपण कण्हायचं, त्यांनी प्रश्न विचारायचे आणि कोपऱ्यात बसून डॉक्टरीणबाईंनी त्यांना मार्क द्यायचे. पहिल्याच शनिवारी मला पोटदुखी मिळाली. मी अशी काही तळमळले की खाटेवरून खाली पडले आणि लोळत लोळत कपाटापर्यंत गेले. माझ्यासमोरचा मुलगा (घाबरला की पेनाचं बटण टकटक वाजवतो, म्हणून त्याचं नाव टकटक) खरंच घाबरला आणि धावत जाऊन स्ट्रेचर घेऊन आला. त्याच्यामागे निम्मा मजला आला.

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "इथे टाळ्या मिळत नाहीत. पुन्हा असं केलंस तर शाळेत चिठ्ठी जाईल." आणि चिठ्ठी गेली की गॅदरिंगच्या नाटकातलं माझं राणीचं काम गेलं. मोठ्या बाई तर वाटच बघतायत.

पुढचं कार्ड असं आहे: वय अठ्ठावन्न, दुकानदार बाई, जिना चढताना छातीत दुखतं. मी पंधरा वर्षांची, मला काय ठाऊक? तू स्टेजवर एवढ्या वेळा मेलीस. सांग ना, छातीत कसं दुखतं?

तुझी,
भिंगरी

१२ जून

भिंगरे,

तुझं लोळणं वाचून मी इतकी हसले की खालून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी काठीने छत ठोकलं. दुसऱ्या मजल्यावर ते एकटे, तिसऱ्यावर मी एकटी. आमचा संवाद हा एवढाच.

फोन राहू दे बिघडलेला. घरात शांतता आहे. तुझ्या बापाला सांग, माणूस वगैरे पाठवू नकोस.

आता कामाचं. मी रंगमंचावर किती वेळा मेले ते आमच्या मंडळालाही सांगता येणार नाही. विष पिऊन मेले, विरहाने मेले, एकदा तर लेखकाला शेवट सुचेना म्हणून मेले. आणि छातीत कळ आली की दरवेळी तेच करायचे. छाती धरायची, डोळे फिरवायचे, दोन पावलं मागे आणि धाडकन खाली. टाळ्यांचा कडकडाट. ते सगळं तू डोक्यातून काढून टाक. छाती धरायची नाही. छाती धरतात ती नाटकातली माणसं.

तुझी दुकानदार बाई जिना चढतेय. हातात पिशवी, पिशवीत बटाटे. पहिला मजला ठीक जातो. दुसऱ्याच्या अर्ध्यावर छातीवर कुणीतरी येऊन बसतं. ती "दुखतं" म्हणणारच नाही, "जड वाटतं" म्हणेल. मग ते वर सरकतं आणि खालच्या जबड्यात येतं. तिला वाटतं दाढ दुखतेय, म्हणून ती आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते. डावा हात कोपरापर्यंत भरून येतो. वरच्या ओठावर घाम फुटतो, आणि तो गार असतो.

आता मुख्य गोष्ट, नीट ऐक. तिला थांबावं लागतं, पण आपण थांबलोय हे कुणाला दिसता कामा नये. म्हणून ती पर्स उघडते आणि चावी शोधायला लागते. चावी तिच्या मुठीतच असते. वरून कुणी उतरलं तर हसायचं आणि म्हणायचं, "अगं बाई, कुठे गेली ही चावी." पण एका दमात नाही, दोन तुकड्यांत. जरा वेळ गेला की सगळं उतरतं, आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते की उगाच घाबरलो. वर जाऊन ती पहिलं काम काय करते? चहा टाकते आणि कुणी बघत नाही ना म्हणून खिडकीतून खाली बघते.

आणि कुणी विचारलं की चिडायचं. "मला काही झालेलं नाही, ॲसिडिटी आहे." जेवढं जास्त दुखत असेल तेवढं जास्त चिडायचं. हे विसरलीस तर सगळं मुसळ केरात.

मला हे कसं माहीत असं विचारशील. निरीक्षण, बाई, निरीक्षण! खालच्या मजल्यावर एक बाई राहते, तिला मी रोज बघते. नटाचा डोळा उघडा असावा लागतो.

हे पत्र तुझ्या बापाला दाखवू नकोस. त्याला कलेतलं ओ की ठो कळत नाही, उगाच नाही ते विचारत बसेल.

आत्या

२१ जून

प्रिय प्रिय प्रिय आत्या,

मैदान मारलं!

आईची जुनी साडी नेसले, पर्समध्ये खरंच बटाटे भरले (पिशवी मिळाली नाही), आणि मुठीत चावी. टकटक समोर बसला. "काय होतंय?" "काही नाही, जरा जड वाटतं. शेजारणीने उगाच आणलं." "मुलं किती?" "तीन, आणि एकही फोन उचलत नाही." हे कार्डात नव्हतं, पण त्या बाईची मुलं तशीच असणार असं मला वाटलं. मग त्याने जबड्याचं विचारलं, हाताचं विचारलं, घामाचं विचारलं. मी दरवेळी जरा जरा जास्त चिडत गेले. शेवटी त्याच्यावर एवढी खेकसले की त्याचं पेन खाली पडलं, पण त्याने एकही प्रश्न सोडला नाही. बिचाऱ्याला पहिल्यांदाच चांगले मार्क मिळाले. बाहेर येऊन मला म्हणाला, "ताई, थँक्यू." मला! ताई!

पण खरी गंमत पुढे आहे. डॉक्टरीणबाई कोपऱ्यातून उठून आल्या आणि त्यांनी माझी नाडी बघितली. खरीखुरी! मग विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं? कार्डात चावी नव्हती." मी छाती फुगवून तुझं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की तू खालच्या मजल्यावरच्या बाईला बघून बघून शिकलीस. त्यांनी मार्कांचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "बाहेरून बघणाऱ्याला फक्त चावी शोधणारी बाई दिसते. चावी मुठीत आहे हे बघणाऱ्याला कसं कळेल?" मला नीट कळलं नाही, पण मी समजल्यासारखी मान हलवली.

त्यांनी निरोप दिलाय की त्या बाईला आजच्या आज दवाखान्यात न्या. अशी माणसं एक दिवस जिन्यात बसतात आणि उठत नाहीत, असं म्हणाल्या. तू लगेच जाऊन सांग हं त्या बाईंना.

आणि आत्या, त्या बाई कोण? तुझ्या खाली तर घड्याळजी राहतात ना? एकटे?

तुझी विजयी,
भिंगरी

२९ जून

भिंगरी,

अभिनंदन. काम चांगलं झालं यात नवल नाही, तालीम कुणी घेतली होती!

ती बाई खालच्या नाही, समोरच्या इमारतीतली. मी घाईत लिहिलं असेल. आणि ती आता मुलाकडे गेली आहे, कायमची. ठणठणीत आहे. ॲसिडिटीच होती, डॉक्टरने पातळ औषध दिलं आणि सगळं थांबलं. तेव्हा तुमच्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, तुम्ही तुमच्या पोरांना मार्क द्या आणि लोकांच्या जिन्यात लक्ष घालू नका.

एवढंसं नाटक केलंस, लगेच चौकशा! तुला मदत केली हेच माझं चुकलं. मला खूप कामं आहेत, लगेच उत्तराची अपेक्षा करू नकोस.

आत्या

४ जुलै

(डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी. टकटकच्या हाती.)

बाई,

ती शेजारीण नाहीच आहे. ती माझी आत्याच आहे.

तुम्ही मुठीतल्या चावीचं म्हणालात ते मला काल रात्री कळलं. आधी तिने खालची बाई म्हणून सांगितलं, आता समोरची म्हणते. आणि ती माझ्यावर चिडली. ती माझ्यावर कधीच चिडत नाही, मी तिचा चष्मा तोडला होता तेव्हासुद्धा नाही. जेवढं जास्त दुखेल तेवढं जास्त चिडायचं, हे तिनेच मला शिकवलंय. मला फार भीती वाटतेय.

बाबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "ताई? ती आपल्या सगळ्यांना पोचवेल." तिला सरळ दवाखान्यात चल म्हटलं तर ती दार लावून घेईल, आणि घर सहा तासांवर आहे. तुम्ही अँब्युलन्स पाठवून तिला पकडून आणता का? मी पत्ता देते.

ता. क. तिला कुणी कामाला बोलावलं तर मात्र ती कुठेही जाईल. नाटकाच्या, म्हणजे.

(त्याच कागदावर, खाली, डॉक्टरीणबाईंचं उत्तर.)

मी कुणालाही पकडून आणत नाही आणि फसवून तपासतही नाही. पण शनिवारच्या सत्राला पाहुण्या कलाकार म्हणून त्या येणार असतील तर या म्हणावं. आमच्या मुलांसमोर बसू देत. तपासू का, हे मी त्यांना तोंडावर विचारेन, आणि नाही म्हणाल्या तर तपासणार नाही. लवकर बोलाव.

९ जुलै

प्रिय आत्या,

सॉरी. नको त्या चौकशा केल्या. ती बाई बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. तो विषय संपला.

आता एक मोठी बातमी, जागेवर बस आणि वाच. रुग्णालयाने यंदा मोठ्या मुलांच्या सत्रासाठी ज्येष्ठ कलाकाराला बोलवायचं ठरवलंय! माझ्यासारख्या पोरीटोरींवर सराव करून ती मुलं कंटाळली. भूमिका अशी: एक हट्टी बाई, जिला वाटतं की तिला काहीही झालेलं नाही. संवाद ठरलेले नाहीत, सगळं आयत्या वेळी सुचेल तसं. मी तुझं नाव सुचवलं. सोबत आमंत्रण जोडलंय, बघ, केवढं छान टाइप केलंय.

पण खरं सांगू? त्यांच्याकडे दुसरंही एक नाव आहे. तुमच्या मंडळातली ती कोकिळा. कुणीतरी म्हणे सांगितलं की मरण्याच्या कामात तिचा हात कुणी धरणार नाही. मी खूप भांडले. पण तू आली नाहीस तर त्या कोकिळेलाच बोलावणार, आणि मला तिच्यासमोर चहा न्यावा लागणार.

बघ बाई. तुझी मर्जी.

भिंगरी

१५ जुलै

भिंगरे,

कोकिळा! मरण्याच्या कामात! अगं, पडदा पडायच्या आत ती एक डोळा उघडून बघायची, पहिल्या रांगेत कोण रडतंय ते. एकदा मेल्यावर तिला शिंक आली होती. तिला मुळीच त्रास देऊ नका. तिला काही जमणार नाही यायला.

मी येते.

अटी लिहून घे. साडी माझी मी आणीन. खाट चालणार नाही, खुर्ची हवी, पाठ सरळ असलेली. मधे मधे कुणी "वा वा" म्हणायचं नाही, मला ओघ लागतो. आणि तुझ्या बापाला आधी सांगू नकोस, स्टँडवरच भेटू दे, त्याचं तोंड बघायचंय मला.

शुक्रवारच्या बसने निघते. पिशवी एकच, हलकी.

तुमचं ते सत्र कितव्या मजल्यावर असतं? लिफ्ट आहे ना? सहज विचारते.

आत्या

२८ जुलै

आत्या,

लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. (मी लहान! नववीत!) बाबा आत बसतात, आई डबा नेते आणि मी खाली बाकावर. म्हणून हे टकटक आणून देईल. त्याला तुझ्यासमोर यायला लाज वाटतेय, पण तो चांगला आहे, त्याला रागावू नकोस.

आधी कबुली. आमंत्रण मीच टाइप केलं होतं, शाळेच्या कॉम्प्युटरवर. ज्येष्ठ कलाकार वगैरे माझंच. कोकिळेला कुणीही बोलावलं नव्हतं, तिचं नाव मला तुझ्या जुन्या गोष्टींमुळे आठवलं, बस. डॉक्टरीणबाईंना तू पाहुणी कलाकार म्हणून येणार एवढंच माहीत होतं, आमंत्रणाचं नाही. तू जेव्हा तो कागद पर्समधून काढून त्यांच्यापुढे धरलास ना, तेव्हा मी मागच्या रांगेत खुर्चीखाली शिरले होते. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हो, आम्हीच बोलावलंय. बसा."

काय काम केलंस गं! आल्या आल्या खुर्ची हातभर सरकवून घेतलीस, म्हणालीस प्रकाश डावीकडून येतोय. हसणारी सगळी मुलं सरसावून बसली. टकटक एक एक विचारत गेला आणि तू त्याला असा उडवून लावत होतीस की मला वाटलं आता हा रडतो. "दाढ दुखते का?" "दुखते. दाताच्या डॉक्टरला सांगेन, तुला का सांगू?" मागे कुणीतरी वा म्हणालं तर तू हात वर करून त्याला थांबवलंस. मी सगळं विसरून तुझं नाटक बघत होते. मला वाटलं, आपण उगाच घाबरलो, आत्याला काहीसुद्धा झालेलं नाही.

मग टकटकने तो प्रश्न विचारला. त्याच्या यादीतला नव्हता, मी त्याला शिकवलाही नव्हता. त्याने पेन खिशात ठेवलं आणि म्हणाला, "आजी, हे सगळं होतं ते तुम्ही कुणाला सांगितलंत?"

आणि तुला संवाद सुचला नाही. आत्या, तुला! तू पर्स उघडलीस. त्यात हात घालून शोधायला लागलीस. सगळा वर्ग बघत होता. मला मागच्या रांगेतून तुझी दुसरी मूठ दिसत होती, घट्ट बंद. मग तू म्हणालीस, "भाचीला सांगितलं." आणि जरा थांबून म्हणालीस, "नाटकासाठी म्हणून."

डॉक्टरीणबाई उठून तुझ्यासमोर खाली बसल्या आणि त्यांनी विचारलं, "मी तुम्हाला खरंच तपासू का?" मी खुर्चीखालून बाहेर आले होते, तुला दिसले का ते माहीत नाही. मग तू म्हणालीस, "पडदा पाडा आधी. एवढ्या लोकांसमोर नको."

मी तिथेच रडायला लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एक रक्तवाहिनी जवळजवळ बंदच झाली होती, ती आता मोकळी केली. अजून महिनाभर तू तो जिना चढत राहिली असतीस तर काय झालं असतं ते त्यांनी बाबांना सांगितलं. बाबा बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले. मग म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस, मी हसलो." मी म्हटलं, "सगळेच हसतात तिला, तिला तेच आवडतं."

आणखी एक. शाळेच्या प्रिंटरमध्ये आमंत्रणाचा एक कागद राहिला होता. मोठ्या बाईंना मिळाला. रुग्णालयाच्या नावाने खोटं पत्र केलं म्हणून राणीचं काम काढून घेतलं. ते लहान वर्गातल्या एका मुलीला दिलंय, तिला सिंहासनावर चढताच येत नाही, दोघांनी उचलून बसवावं लागतं. मला दारावरचा पहारेकरी केलंय. एकही संवाद नाही. डॉक्टरीणबाईंनी शाळेत फोन केला म्हणे, पण मोठ्या बाई म्हणाल्या, कारण चांगलं असलं तरी खोटं ते खोटंच.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते. वाटलं. खूप वाटलं. पण परत तशी वेळ आली तर परत टाइप करीन, फक्त प्रिंटर तपासून बघीन.

रागावली असशील तर रागाव. पण जास्त रागावू नकोस, मला लगेच शंका येते.

तुझी,
भिंगरी

६ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं वॉर्डातलं पत्र उशीखाली घेऊन झोपले, मग तुमच्या घरी महिनाभर राहिले, पण त्याचं उत्तर काही दिलं नाही. तुझी आई पथ्याचं ताट घेऊन मागे, तुझा बाप गोळ्यांचा डबा घेऊन पुढे. आणि खरं म्हणजे समोरासमोर मला बोलताच येत नाही गं, मी लगेच नाटक सुरू करते. म्हणून घरी आल्यावर लिहितेय. जिना चढून आले, सावकाश. घड्याळजींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी आपल्या घड्याळांच्या दुकानातलं स्टूल आणून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ठेवलं. आता मी तिथे उघड उघड बसते. जाणारे येणारे बघतात. बघू देत.

आता माझी पाळी. ऐक.

फोन बिघडला नव्हता. बोलताना दम लागायचा, आणि तू लहानपणापासून माझा आवाज ऐकत आलीस, दोन वाक्यांत ओळखलं असतंस. म्हणून पत्राचं खूळ काढलं. पत्रात माणूस कुठे थांबलं ते दिसत नाही, असं मला वाटलं होतं. तुझी तालीम घ्यायला बसले तेव्हाही ठरवलं होतं की ऐकीव तेवढंच लिहायचं. पण एकदा सांगायला लागल्यावर हात थांबेना. कुणाला तरी सांगायचंच होतं मला.

आणि तुझं आमंत्रण. "केवढं छान टाइप केलंय" म्हणे! शुद्धलेखन तुझं, वाक्यं तुझी, आणि रुग्णालय कधी "पाहुण्या कलाकारांच्या चरणी" असं लिहितं का? पण त्याहून मोठी चूक तू कोकिळेचं नाव घालून केलीस. अगं, कोकिळा गेल्या वर्षीच गेली. तुमच्याकडे कुणी कळवलं नव्हतं. तिच्या घराच्या जिन्यातच गेली, बटाट्याची पिशवी हातात घेऊन. त्याआधी सगळ्यांना सांगायची, ॲसिडिटी आहे. तिच्यामागे मी एकटीच राहिले तिची नक्कल करायला.

म्हणजे तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं की बोलावणारी तू आहेस, कशासाठी बोलावतेयस आणि तिथे पोचल्यावर माझं काय होणार. सगळं कळलं. दुपारभर ते पत्र घेऊन बसून राहिले. भिंगरे, दवाखान्यात जायची मला इतकी भीती वाटत होती की मी जिन्यात मरायला तयार होते, पण दारात जाऊन "मला बघा" म्हणायला तयार नव्हते. माझी मी म्हणून मला जाता येत नव्हतं. कुणाची तरी भूमिका घेऊन मात्र जाता येत होतं. तू माझ्यासाठी भूमिका लिहिलीस, आणि हट्टी बाई म्हणून लिहिलीस, ते बरोबर केलंस.

तुला मी फसले असं वाटून किती आनंद झाला होता ते मला बसस्टँडवरच दिसलं. म्हणून तेव्हा बोलले नाही. आता बोलते, कारण फसल्याचं काम मी केलं होतं, आणि नाटकात दुसऱ्याचं श्रेय खाऊ नये.

आणि हो, तू खुर्चीखालून बाहेर आलेली मला दिसली होतीस. नाक वाहत होतं. तुला बघूनच हो म्हणाले.

आता पहारेकऱ्याचं. संवाद नाहीत म्हणून रडतेस? अगं वेडाबाई, राणी शेवटी मरते ना त्या नाटकात? ती उचलून बसवलेली पोरगी मरणार म्हणजे आडवी पडणार, बाकी काही नाही. त्या वेळी सगळं प्रेक्षागृह बघणार दारातल्या पहारेकऱ्याकडे, की याचं आता काय होणार. तू रडायचं नाहीस. छाती धरायची नाही. भाला ज्या हातात आहे तो हात फक्त जरासा खाली येऊ द्यायचा, बोटभर. मी पहिल्या रांगेत असेन. तुमच्या मोठ्या बाईंच्या शेजारची खुर्ची मी पत्र पाठवून मागून घेतली आहे, खऱ्या नावाने. त्यांना रडवलं नाहीस तर मला तोंड दाखवू नकोस.

टकटकला सांग, मी रागावलेली नाही. त्याने पेन खिशात ठेवलं ते फार चांगलं केलं.

फोन आता चालू आहे, दर रविवारी करत जा. वाजत राहिला आणि उचलायला मला उशीर झाला, तर लगेच घाबरून बापाला पाठवू नकोस. मी दाराबाहेर उभी असेन आणि या वेळी खरंच चावी शोधत असेन.

तुझी,
आत्या